जितेपणीचं लुगडं

हौसाक्काला न्यायला निघाले, तेव्हा आष्ट्याच्या पेठेत बाजाराला आलेला एक परगावचा माणूस कादरभाईंच्या कापडदुकानाशी थांबून म्हणाला, "भाई, लगीन कुणाचं हाय ओ?" तिरडी पुढे गेली होती, ती त्याला दिसली नसावी. पेठेच्या टोकापर्यंत पोचवायला निघालेल्या बायका तेवढ्या दिसल्या. कुणी हिरवं इरकली, कुणी जांभळं, कुणी लालभडक काठाचं. सगळ्या नटल्यासारख्या, आणि सगळ्या रडत. कादरभाई नंतर लेकीकडे साताऱ्याला आले, तेव्हा त्यांनी हे आम्हाला सांगितलं. सांगताना स्वतः हसत होते आणि टोपीने डोळे पुसत होते. मीही तेच केलं, फक्त मला टोपी नव्हती, पदर होता.

त्या बायकांच्या अंगावरचं जवळजवळ प्रत्येक लुगडं हौसाक्काचं होतं. आणि तिच्या स्वतःच्या अंगावर, गावाच्या रिवाजाप्रमाणे ज्यांचा ढीग पडायला हवा होता, त्यातलं एकही नव्हतं. हे असं कसं झालं, ते सांगायचं तर मला आधी एका कंजूष बाईबद्दल सांगावं लागेल. तिचंही नाव हौसाक्काच होतं.

दुसऱ्या जर्मन लढाईच्या दिवसांत मी साताऱ्याहून आष्ट्याला नांदायला गेले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. घर भाड्याचं, आणि शेजार हौसाक्काचा. तिचे यजमान तात्या म्हणजे ऊस, हळद, स्वतःचं गुऱ्हाळ, दावणीला खिलारी बैल. घरात काही कमी नाही. पण ही बाई सदा ठिगळाच्या लुगड्यात. पहिल्या दिवशी ती अंगण झाडताना दिसली, तेव्हा मी तिला गडीण समजून "बाई घरात आहेत का?" असं विचारलं होतं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाय की. ही काय, झाडती हाय."

उंच, सावळी, कपाळावर आडवं कुंकू, मिश्रीने काळे झालेले दात आणि आवाज असा की तिने घरात मांजराला हाकललं की आमच्याकडचंही मांजर पळायचं.

तिच्या माजघरात सागवानी पेटी होती. त्या पेटीत लुगडी. लग्नातली, डोहाळजेवणातली, तात्यांनी दर सुगीनंतर आणलेली. दसरा झाला की ती सगळी बाहेर काढून अंगणात दोरीवर ऊन द्यायची. त्या दिवशी आळीतल्या बायका कामंधामं टाकून बघायला जमायच्या. हौसाक्का काठी घेऊन मधोमध बसायची. काठी कावळ्यांसाठी आहे असं ती म्हणायची, पण रोख आमच्यावर असायचा. "लांबनं बघा गं. हाताला घाम असतोय."

एकदा मी धीर करून विचारलं, "आक्का, ही नेसता कधी?"

"चांगली हायती म्हणून ठिवल्यात."

"पण ठेवून उपयोग काय?"

"ठिवल्यात म्हणून तर चांगली हायती!"

घरी मास्तरांना हे सांगितलं, तर त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्यात कापडावर रेशन आलं. कार्डावर मिळेल तेवढंच कापड, तेही जाडंभरडं. बायका एकीचा पदर काढून दुसरीला जोडत होत्या. हौसाक्काची पेटी मात्र भरलेली ती भरलेलीच. तिची धाकटी जाऊ सोना, अगदी मागच्या दाराला दार लागून राहायची, तिचं घर ओढगस्तीचं. बहिणीच्या लग्नासाठी तिने जांभळं इरकली एका दिवसापुरतं मागितलं. हौसाक्काने दिलं नाही. "हळद लागली तर डाग जाणार न्हाई," म्हणाली. सोना जुनेरं नेसून लग्नाला गेली आणि आल्यावर वाटीभर बुंदी जावेलाही देऊन गेली. अशी ती बाई.

पुढच्या पावसाळ्यात सोना तापाने गेली.

आमच्या भागात बाई गेली की नात्यागोत्यातली माणसं लुगडं घेऊन येतात आणि तिच्या अंगावर घालतात. सगळ्यांत शेवटी माहेरचं. माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. सोनाचा भाऊ मिरजेच्या पलीकडून यायचा होता, त्यामुळे तिला बराच वेळ ठेवलं होतं. तोवर एकेक जण येत होता आणि अंगावर लुगडं घालत होता. जिला जन्मात दोन नवी लुगडी कधी एकदम मिळाली नव्हती, तिच्या अंगावर एवढी चढली की शेवटी तिचं तोंडही दिसेना. मला ते बघवेना. त्यातली काही सरणावर जळणार होती आणि काही मसणवट्यात राहणार होती.

हौसाक्का उठली, घरात गेली, जांभळं इरकली घेऊन आली आणि सोनाच्या अंगावर घातलं. मग वरची लुगडी बाजूला करून तिचं तोंड उघडं केलं. रडली नाही. नुसतंच म्हणाली, "आता डाग पडत न्हाई, व्हय गं?"

सुतक फिटल्यावर एका सकाळी तात्या धावतच आमच्या दारात आले. "मास्तर, जरा या की. हिच्या अंगात काय तरी शिरलंय."

आम्ही दोघंही गेलो. परसात हौसाक्का शेणी थापत बसली होती, आणि अंगावर जरीकाठाचं, लग्नातलं, ठेवणीतलं लुगडं! कोपरापर्यंत शेण.

"आक्का, अहो हे काय?" मी म्हणाले.

"शेणी."

"शेणी दिसतायत. लुगडं!"

"लुगडंबी दिसाय पायजे की, म्हणून नेसलीया." मग तात्यांकडे वळून, "आवं, असं काय बघताय? लग्नात बघितलं नव्हतं काय मला ह्या लुगड्यात?"

"तवा बघितलं ते बघितलं," तात्या पुटपुटले, "त्याला आता किती वरसं झाली."

"मग बघा आता प्वाटभर."

तात्या खरंच बघत बसले. मांत्रिकाला बोलावणं गेलं होतं ते त्यांनी परत फिरवलं. मास्तर घरी येताना म्हणाले, अंगात शिरलं नाही, अंगातलं निघालं. मास्तरांचं हे वाक्य मला पुष्कळ दिवस पुरलं.

त्यानंतर पेटी उघडी राहायला लागली. हौसाक्का रोज नवं लुगडं नेसून शेतात तण काढायला, भांगलायला जाई, म्हशी धुई, भाकऱ्या थापी. आणि एकेक लुगडं देऊन टाकायला लागली. कुणाची लेक सासरी निघाली, दे. कुणाचं फाटलं, दे. अट एकच, "ठिवायचं न्हाई. नेसायचं." आणि ती नुसती अट घालून गप्प बसणारी नव्हती. अवचित घरात शिरून तपास करायची. पेठेतल्या एका मोठ्या घरच्या सुनेने लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवलेलं तिने पकडलं. तिथून ते काढून घेतलं आणि बाहेर भाजी विकणाऱ्या बाईच्या खांद्यावर टाकलं. सून ओरडली, "आक्का, दिलेलं परत घेत्यात व्हय?" हौसाक्का म्हणाली, "तुला कुठं दिलं? मी तुज्या ट्रंकंला दिलं व्हतं, आसं दिसतंय."

मला हिरवं मिळालं होतं. मी ते दुसऱ्याच दिवशी नेसून आडावर पाणी शेंदायला गेले. भीतीनेच म्हणा ना.

पेटी रिकामी झाली तशी मला वाटलं, आता ही शांत होईल. पण हिच्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं. एक दिवस मला म्हणाली, "मास्तरीणबाई, चला जरा माझ्यासंगं. सोबत पायजे. एकटी गेले तर लोक म्हणतील भीक मागाय आली."

"आणि दोघी गेलो तर?"

"तर म्हणतील, दोघी आल्या!"

आम्ही तात्यांच्या चुलत भावाच्या घरी गेलो. जावेने बसायला घोंगडं टाकलं, गुळाचा चहा केला. चहा संपवून हौसाक्काने सरळ विचारलं, "मी मेले तर तू माझ्या अंगावर लुगडं घालणार का न्हाई?"

जावेने कपबशी खाली ठेवली. "आवं आक्का, भरल्या घरात असलं काय बोलताय!"

"घालणार का न्हाई ते सांग."

"घालीन की. न घालून कसं चालंल?"

"मग आत्ता दे. मेल्यावर मला रंग दिसायचा न्हाई."

ती बाई आधी घाबरली, मग चिडली, मग माझ्याकडे बघून तिला हसू फुटलं. आठवड्याच्या आत लुगडं घेऊन आली. हौसाक्काने तिच्यासमोर ते नेसलं, गर्रकन फिरून दाखवलं आणि म्हणाली, "छान हाय गं. आता तू सुटलीस. मी मेले की मोकळ्या हातानं ये आणि मनापासनं रड." पुढे चार दिवस ते वापरून तिने शेतावरच्या एका बाळंतिणीला दिलं.

असं करत ती सगळ्या नात्यात फिरली. लोक नावं ठेवत होते, हसत होते आणि देतही होते. कादरभाई एकदा दुकानातून हाक मारून म्हणाले, "आक्का, तुमी माझा धंदा बुडीवला." कापडदुकानात मयतीला घालायच्या लुगड्यांचा वेगळा गठ्ठा असतो. आखूड, विरळ, रंग जाणारी. मेलेलं माणूस तक्रार करत नाही आणि देणाऱ्यालाही ते बरं पडतं. "त्या गठ्ठ्याला आता कुणी हात लावीत न्हाई. म्हणत्यात, आक्का जिती हाय, सूत बघती."

"मग चांगलं आणून ठिवा की," हौसाक्का म्हणाली. "जित्या माणसांची दुकानदारी करा."

तिची थोरली नणंद मात्र पक्की. तिने त्याच गठ्ठ्यातलं एक आणून दिलं. हौसाक्का बाजाराच्या दिवशी ते नेसली. लुगडं गुडघ्याखाली उतरेना. तशीच, पोटऱ्या उघड्या टाकून, भर पेठेतून चालली आणि भेटेल त्याला सांगत गेली, "आमच्या वन्संनी दिलंय! लय माया हाय वन्संची माझ्यावर!" दिवेलागणीच्या आत वन्सं घाम पुसत दुसरं लुगडं घेऊन हजर झाल्या. नऊवार पुरतं भरणारं, रुंद काठाचं. हौसाक्काने त्यांना जेवूनच पाठवलं. दोघी एका ताटात जेवल्या.

हे सगळं ती हसत करायची, पण एक गोष्ट ती हसत सांगायची नाही. माहेरची.

तिचं माहेर इस्लामपूरचं. धाकटा भाऊ बापू, चांगला तालेवार. आई वारली तेव्हा तिची बोरमाळ कुणाची यावरून भावाबहिणीचं वाजलं. ही म्हणाली, आईने मला म्हणून सांगितली होती. तो म्हणाला, घरातला दागिना घरात राहील. हिने "तुझ्या दारचं पाणी पिणार न्हाई" म्हणून शपथ घेतली आणि निघून आली. बोरमाळ तिकडे कुलपात पडली. भावजयीच्याही गळ्यात कधी आली नाही, कारण घातली तर भांडण डोळ्यांसमोर येई. दिवाळ्या आल्या, गेल्या. भाऊबीजेला हौसाक्का चंद्राला ओवाळायची.

सोनाच्या मयतीला भावाची वाट बघत थांबलेली तिरडी तिने पाहिली होती. एकदा निवडणं निवडता निवडता ती मला म्हणाली, "सोनीचा भाऊ मिरजंपल्याडनं आला. माझा इथं इस्लामपुरात हाय, तर यील का? समद्यांची लुगडी आली. त्येचं आलं न्हाई तर मी आपली तशीच पडून ऱ्हाईन." आणि डोळे पुसून पुन्हा खडे वेचायला लागली. तेव्हा मला कळलं की एवढा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता. बाकीची लुगडी हा बहाणा होता. तिला एकच हवं होतं आणि तेच मागायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी रेटली. गुळाच्या ढेपा घेऊन इस्लामपूरला निघालेल्या गाडीवानाला तिने निरोप दिला. "बापूला सांग, आक्का म्हणती, माझ्यासाठी माहेरचं लुगडं आणणार असशील तर आत्ता आण. न्हाई तर न्हाई म्हणून तरी सांग." गाडीवानाने मान हलवली. वाटेत त्याने निरोपाचा किती भाग उसाबरोबर चघळला देव जाणे. बापूच्या दारात पोचून तो एवढंच म्हणाला, "आष्ट्याला माहेरचं लुगडं घिऊन बोलीवलंय."

आता आमच्या भागात माहेरचं लुगडं घेऊन या असा सांगावा एकाच वेळी येतो. बापूने पुढचं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं चढलं होतं. मी हौसाक्काच्या ओसरीवर बसले होते आणि ती तात्यांनी आणलेला ऊस दातांनी सोलत होती. मिश्रीचे दात, पण काय मजबूत! तेवढ्यात पेठेकडून रडण्याचा गलका ऐकू आला. गाडी येत होती. बैलांच्या तोंडाला फेस, पुढे फेटा सुटलेला एक धिप्पाड माणूस, मागे बायका छाती पिटतायत. गाडी हौसाक्काच्या दारात थांबली. त्या माणसाने उडी टाकली, छातीशी लुगडं धरलेलं, आणि "आक्के! माझे आक्के! मला सोडून गेलीस गं!" म्हणत तो आत घुसला.

ओसरीवर हौसाक्का उसाचं कांडं हातात धरून बसली होती.

तो उभा तसाच थिजला. मागच्या बायकांचा सूर वरच अडकला. एक म्हातारी मात्र डोळ्यांनी अधू होती, ती रडतच राहिली, तिला कुणीतरी चिमटा काढून थांबवलं.

"तू... मेली न्हाईस?" बापू म्हणाला.

"न्हाई बा," हौसाक्का म्हणाली. "मरू काय?"

बापूचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता हा लुगडं फेकून चालता होतो. तो ओरडलाच, "माझं काळीज फुटायचं राहिलं! वाटंत दोनदा बैल सुटलं! ही काय थट्टा झाली?"

"मी थट्टा केली न्हाई. मी लुगडं मागितलं व्हतं." तिचा तो मांजरं पळवणारा आवाज एकदम बारीक झाला. "बापू, मेल्यावर आलास आसतास व्हय रं? मग जिती हाय तवर का न्हाई आलास?"

बापू मटकन खाली बसला. एवढा मोठा गडी, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. हौसाक्काने कांडं टाकलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग दोघं रडली. भावजय रडली. मी रडले. तात्या तर गोठ्यात जाऊन रडले, बैलांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

थोड्या वेळाने बापू नाक पुसत म्हणाला, "आक्के, बोरमाळ उद्याच घिऊन येतो. तुजीच हाय ती."

"नगं," ती म्हणाली. "त्या बोरमाळंनं माझ्या एवढ्या भाऊबिजा खाल्ल्या. आजून काय खायाला तिला घरात घिऊ? तुज्या लेकीच्या गळ्यात घाल. आन रोज घालाय सांग." मग हात पुढे केला. "लुगडं दे आदी. भिजवलंस समदं रडून."

आत जाऊन ती ते नेसून आली. गडबडीत आणलेलं साधंच होतं, तपकिरी, बारीक चौकड्यांचं. पण मी तिच्या पेटीतली सगळी लुगडी तिच्या अंगावर पाहिली होती. इतकी सुंदर ती कशातच दिसली नव्हती. त्या दिवशी मयतीला आलेली सगळी माणसं पुरणपोळी जेवून गेली.

ते चौकड्याचं लुगडं तिने कधी कुणाला दिलं नाही. धुवून वाळवून तेच पुन्हा नेसायची. रंग उडाला, पोत सायीसारखा मऊ झाला.

पुढे लढाई संपली, आमची साताऱ्याला बदली झाली. मला तिथे मुलगी झाली. ती महिन्याचीही नव्हती, तेव्हा एक दिवस तात्या आणि हौसाक्का दारात उभे. सिव्हिल सर्जनला दाखवायला आले होते. हौसाक्काच्या पायांना सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि तात्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण त्यांना काही लपवता येत नसे.

"पुण्याला नेतो, ममईला नेतो," तात्या आमच्या माजघरात येरझाऱ्या घालत होते. "मळा इकतो. गुऱ्हाळ इकतो. मोठ्यातला मोठा डाक्टर दावतो."

"बसा खाली," हौसाक्का म्हणाली. "मळा इकून माणूस ऱ्हात आसतं, तर पैसंवाल्यांच्या घरात म्हातारीकोतारी मावली नसती. मळ्यात मी हाताची लावल्याली नारळं हायती, त्येंचं पाणी प्या. आन मला ते पेढं आणा इथलं, कंदी. लय नाव ऐकलंय."

तात्यांनी पेढे आणले. ती चवीने खात होती, तात्यांना भरवत होती, आणि "दवाखान्याच्या नावानं का हुईना, सातारा बघाय गावला" म्हणून खूश होत होती. मग माझी मुलगी रडायला लागली. तिची झोळी ओली होऊन दोरीवर होती आणि दुसरं कापड जाड होतं, तान्ह्या अंगाला टोचायचं.

हौसाक्का उठली, आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर माझं रोजचं लुगडं होतं आणि हातात ते चौकड्याचं. मला काही कळायच्या आत तिने ते तुळईवरून टाकून गाठ मारली.

"आक्का, नको!" मी ती गाठ सोडायला गेले. "ते माहेरचं. ते तुम्हाला... पुढे लागेल."

"कशाला लागतंय?" तिने मुलीला उचलून झोळीत घातलं. "तवा वाटायचं, लुगडं पायजे. मला भाऊ पायजे व्हता गं. तो आता दर भाऊबिजंला येतोय. उद्या मी गेले तर मोकळ्या हातानं यील, पर यील. झालं की." झोळीला एक झोका दिला. "आन हिला मऊ लागंल."

मुलगी गप्प झाली होती.

संध्याकाळच्या आत आष्ट्याकडची सर्व्हिस मोटार होती. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. माझं लुगडं तिला आखूड पडत होतं, पोटऱ्या दिसत होत्या. धाप लागली की ती थांबायची, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवायची, तेवढ्यात पेढ्यांच्या पुडीत हात घालायची. तात्या म्हणत होते, "अगं, आळीतल्या पोरांसाठी ऱ्हाऊ दे की दोन." ती तोंडातला पेढा सांभाळत म्हणाली, "आष्ट्याला गेल्यावर म्हैस हाय, खवा करा," आणि दोघं हसत हसत वळणावरून मोटारीकडे गेली.